पायथन आज्ञावलींचे गतिवर्धन

पायथन या संगणकीय भाषेत लिहिलेली, पण अपेक्षेपेक्षा मंद चालणारी आज्ञावली (प्रोग्रॅम) तिच्या फलितात बदल न होता अधिक वेगाने चालावी म्हणून जे उपाय योजले जातात, त्यांना गतिवर्धन म्हणतात. पायथन ही ‘स्क्रिप्ट’ वर्गातील भाषा आहे. सी किंवा फोर्ट्रान यांसारख्या भाषांतील आज्ञावली संकलक (कंपायलर) एकदाच संपूर्णपणे यंत्रभाषेत उतरवितो आणि नंतर संगणकाचा प्रक्रियक ती थेट अंमलात आणतो. स्क्रिप्ट भाषेत मात्र इंटरप्रिटर नावाची दुसरी आज्ञावली मध्यस्थाचे काम करते. दुभाष्याने वक्त्याचे प्रत्येक वाक्य त्या त्या वेळी श्रोत्याला सांगावे, त्याप्रमाणे इंटरप्रिटर प्रत्येक आज्ञेचा अर्थ ती चालवितेवेळीच लावतो. ही व्यवस्था आज्ञावली लिहिणाऱ्याच्या सोयीची असली, तरी तिची किंमत यंत्राच्या वेळात चुकवावी लागते. ही किंमत कोणी व कोठे कमी करावयाची, या प्रश्नाभोवती गतिवर्धनाचा इतिहास घडला. एका पिढीने शोधलेला उत्तम तोडगा पुढच्या पिढीच्या वाटेत आडवा आला, हे या इतिहासाचे सर्वांत लक्षणीय अंग होय. [⟶ संगणक].

पायथनचा जन्म ॲम्स्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत झाला. तेथील खीदो व्हान रोसम (जन्म १९५६) यांनी तत्पूर्वी एबीसी या शिकण्यास सोप्या भाषेवर काम केले होते. पुढे ते अमीबा या वितरित परिचालन प्रणालीच्या प्रकल्पात असताना, व्यवस्थापनाची लहानसहान कामे सी भाषेत लिहिण्यास फार वेळ लागतो व युनिक्सच्या शेल-भाषेत ती नीट मांडता येत नाहीत, अशी अडचण त्यांना जाणवली. डिसेंबर १९८९ मध्ये त्यांनी नव्या भाषेच्या रचनेस आरंभ केला आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रसृत झाली. भाषेचे नाव सर्पावरून नव्हे, तर बीबीसीवरील ‘माँटी पायथन’ या विनोदी कार्यक्रमावरून घेतलेले आहे. येथे वाचवावयाचा होता तो माणसाचा वेळ, यंत्राचा नव्हे. म्हणून पायथन मंद आहे हा दोष नजरचुकीने राहिला असे म्हणता येत नाही; तो जाणूनबुजून केलेल्या सौद्याचा भाग होता. लॅरी वॉल यांची पर्ल (१९८७) आणि जॉन औस्टरहाउट यांची टीसीएल (१९८८) या भाषांमागेही हाच विचार होता. वेगाने करावयाची कामे सी सारख्या भाषेत लिहिलेल्या घटकांकडे सोपवावीत व त्या घटकांना जोडण्याचे काम स्क्रिप्ट भाषेने करावे, असे प्रतिपादन औस्टरहाउट यांनी १९९८ मध्ये एका प्रसिद्ध लेखात केले. परंतु भाषा सोपी असली की लोक तिचा उपयोग केवळ जोडणीपुरता करीत नाहीत. पायथनचेही तसेच झाले आणि आकडेमोडीची अवजड कामे तिच्यावर येऊन पडली.

मंदतेचे कारण : दोन संख्यांची बेरीज हे उदाहरण घेतल्यास मंदतेचे मूळ स्पष्ट होते. सी भाषेत ‘क’ व ‘ख’ हे पूर्णांक आहेत हे आधीच घोषित केलेले असते. त्यामुळे त्यांची बेरीज म्हणजे प्रक्रियकाची एकच सूचना ठरते. पायथनमध्ये चलाला प्रकार नसतो, प्रकार असतो तो त्यातील मूल्याला. ‘क’ मध्ये आता पूर्णांक असेल, तर पुढच्या फेरीत तेथे अपूर्णांक किंवा अक्षरमालाही असू शकते. म्हणून इंटरप्रिटर प्रथम दोन्ही मूल्ये शोधतो, त्यांचे प्रकार तपासतो, त्या प्रकारांना लागू पडणारी बेरजेची क्रिया हुडकतो, उत्तरासाठी स्मृतीत नवी जागा घेतो आणि प्रत्येक वस्तूला किती ठिकाणांहून संदर्भ आहेत याची नोंदही अद्ययावत करतो. ६४ बिटी संगणकावर एक लहानसा पूर्णांक ठेवण्यास त्याला २८ बाइट लागतात. सी मध्ये तेच काम ४ किंवा ८ बाइटांत होते. हीच बेरीज एक कोटी वेळा करावयाची असेल, तर हे सर्व प्रश्न एक कोटी वेळा विचारले जातात आणि बहुधा प्रत्येक वेळी उत्तर तेच येते. निव्वळ संख्यांच्या आवर्तनांत पायथन सी पेक्षा दहापट ते शंभरपट मंद ठरते, ते यामुळेच. गतिवर्धनाच्या बहुतेक उपायांचे सार या पुनरुक्त प्रश्नांची संख्या कमी करणे हेच आहे.

मोजमाप : आज्ञावलीचा वेळ नेमका कोठे जातो, याविषयीचा लेखकाचा अंदाज सहसा चुकतो. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७१ मध्ये फोर्ट्रान आज्ञावलींच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज्ञावलीचा ४ टक्क्यांहूनही कमी भाग सामान्यतः तिच्या निम्म्याहून अधिक वेळेस कारणीभूत असतो, असे त्यांना आढळले. या निष्कर्षाने पुढील सर्व प्रयत्नांना दिशा दिली. संपूर्ण आज्ञावली सुधारण्याची आवश्यकता नाही. तो अल्प भाग सापडला म्हणजे पुरे. त्यासाठी प्रोफायलर ही वेळेचा हिशेब ठेवणारी साधने निर्माण झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी १९८२ मध्ये वर्णन केलेले जीप्रोफ हे त्यांतील एक प्रसिद्ध साधन होय. पायथनमध्ये अशी सोय आरंभीच्या वर्षांतच होती; २.५ या आवृत्तीत (२००६) सी-प्रोफाइल हे साधन आल्यावर मोजमापाचा आज्ञावलीवर पडणारा भार बराच कमी झाला.

मोजमापाला आणखीही एक बाजू आहे. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादानुसार, सुधारलेल्या भागाचा एकूण वेळेतील वाटा जेवढा असेल तेवढाच लाभ संभवतो. एखाद्या भागास एकूण वेळेपैकी ८० टक्के वेळ लागत असेल व तो भाग अगदी शून्य वेळात होऊ लागला, तरी संपूर्ण आज्ञावली पाचपटीपेक्षा अधिक वेगवान होऊ शकत नाही. आणि ज्या भागाचा वाटा ५ टक्के आहे, त्यावर आठवडाभर श्रम केले तरी वापरणाऱ्यास फरक जाणवत नाही.

मोजमापाने जागा सापडल्यावर पहिला उपाय भाषेशी नव्हे, तर रीतीशी संबंधित असतो. एक लक्ष नावांच्या यादीतील प्रत्येक नाव दुसऱ्या एक लक्ष नावांच्या यादीत आहे किंवा नाही, हे पाहावयाचे आहे असे समजा. दुसरी यादी साध्या क्रमाने साठविली असेल, तर सापडणाऱ्या प्रत्येक नावासाठी सरासरी पन्नास हजार तुलना कराव्या लागतात व एकूण तुलना ५०० कोटींवर जातात. तीच यादी संच या रचनेत ठेवल्यास नावावरूनच त्याच्या जागेचा बोध होतो आणि काम सुमारे एक लक्ष शोधांत संपते. येथे होणारा लाभ भाषा बदलून होणाऱ्या लाभाहून कितीतरी मोठा असतो. चुकीची रीत सी भाषेत लिहिली, तरी ती अखेर चुकीचीच राहते.

यानंतर येतात ते किरकोळ उपाय. यांविषयी खुद्द व्हान रोसम यांनी एका लेखात आपला अनुभव नोंदविला आहे. पूर्णांकांच्या यादीचे अक्षरमालेत रूपांतर करण्याची जलद रीत एका मित्राने त्यांना विचारली होती. त्यांनी अनेक रीती वेळ मोजून पाहिल्या. दिसावयास आटोपशीर असलेली एका ओळीची रीत साध्या आवर्तनाहून मंद निघाली. अखेर ज्या रीतीत सर्व काम सी मध्ये लिहिलेल्या ॲरे या घटकाकडे सोपविले होते, ती सर्वांत वेगवान ठरली. एखादे नाव आवर्तनापूर्वी स्थानिक चलात घेऊन ठेवणे, आवर्तन फंक्शनच्या आत नेणे अशा अनेक युक्त्या त्या काळी तोंडी परंपरेने चालत. इंटरप्रिटर सुधारत गेला तसतशा त्यांतील बहुतेक निरुपयोगी झाल्या, पण जुन्या आज्ञावल्यांत त्या अजून दिसतात व वाचणाऱ्यास विनाकारण अडखळावयास लावतात.

ॲरे पद्धती : इंटरप्रिटरचा भार कमी करण्याचा सर्वांत फलदायी मार्ग पायथनहून बराच जुना आहे. केनेथ आयव्हरसन (१९२०–२००४) यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात मांडलेल्या व पुढे एपीएल या नावाने संगणकावर आलेल्या भाषेत एकच चिन्ह संपूर्ण सारणीवर क्रिया करते. दुभाष्याची किंमत प्रत्येक संख्येमागे न पडता प्रत्येक सारणीमागे एकदाच पडते. सारणीत दहा लक्ष संख्या असतील, तर ती किंमत नगण्य होते. हीच कल्पना १९९५ च्या सुमारास जिम ह्यूगुनिन व इतरांनी न्यूमेरिक या संचाद्वारे पायथनमध्ये आणली. त्यानंतर हबल दूरदर्शकाच्या प्रतिमांचे विश्लेषण करणाऱ्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूट या अमेरिकन संस्थेत न्यूमॅरे हा दुसरा संच तयार झाला. प्रचंड प्रतिमांसाठी तो उत्तम, पण लहान सारण्यांसाठी न्यूमेरिकहून मंद होता. परिणामी वैज्ञानिक वापरकर्त्यांचे दोन तट पडले आणि एका संचासाठी लिहिलेली साधने दुसऱ्यात चालेनाशी झाली. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी दोहोंचे गुण एकत्र आणून नमपाय हा संच सिद्ध केला, त्याची १.० ही आवृत्ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१५ मध्ये प्रथमच नोंदल्या गेलेल्या गुरुत्वीय तरंगांच्या विश्लेषणात, तसेच एम ८७ या दीर्घिकेतील कृष्णविवराच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रतिमेच्या निर्मितीत नमपायचा उपयोग झाला. स्वभावतः मंद असलेल्या भाषेत एवढी मोठी आकडेमोड झाली, ती प्रत्यक्ष गणित पायथनच्या बाहेर होत असल्यामुळेच.

सी चा आधार : सर्व कामे सारण्यांच्या क्रियांत बसत नाहीत. एका पायरीचे उत्तर पुढच्या पायरीस लागत असेल, तर आवर्तन टाळता येत नाही. अशा वेळी तेवढाच भाग सी मध्ये लिहून पायथनला जोडता येतो, परंतु संदर्भांची मोजदाद हाताने ठेवावी लागत असल्याने हे काम जिकिरीचे आहे. एक नोंद चुकली तरी आज्ञावली भलत्याच ठिकाणी कोसळते. न्यूझीलंडमधील ग्रेग यूइंग यांनी २००२ मध्ये पायरेक्स ही मधली भाषा निर्माण करून हा त्रास कमी केला. तिच्यातून २००७ मध्ये सायथन ही भाषा निघाली. तीत मूळ पायथन लिखाण जवळजवळ तसेच ठेवून केवळ महत्त्वाच्या चलांचे प्रकार घोषित करावयाचे असतात. उरलेले सी लिखाण यंत्रच तयार करते. नुंबा (२०१२) या साधनात तेवढेही करावे लागत नाही. फंक्शन प्रथम चालविताना आलेल्या मूल्यांवरून प्रकार ओळखून ते साधन यंत्रभाषेतील रूप बनविते.

या मार्गाचे एक चांगले उदाहरण मुंबईतील आहे. पवई येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या वायुअवकाश अभियांत्रिकी विभागात प्रभू रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पायएसपीएच ही प्रणाली विकसित केली. द्रवाचा प्रवाह असंख्य कणांच्या समुच्चयाने दर्शवून त्याचे गणित करणारी ही प्रणाली आहे. कणांमधील परस्परक्रियांची समीकरणे संशोधक साध्या पायथनमध्ये लिहितो आणि त्यांपासून सायथनचे किंवा आलेखी प्रक्रियकांवर चालणारे वेगवान लिखाण आपोआप तयार होते. भौतिकी जाणणाऱ्या विद्यार्थ्यास सी शिकण्यात वर्ष घालवावे लागू नये, हा त्यामागील हेतू उघड आहे. एक भाषा विचारासाठी व दुसरी वेगासाठी वापरावी लागणे हीच मूळ अडचण मानून जेफ बेझान्सन, स्टीफन कार्पिन्स्की, व्हायरल शाह व ॲलन एडलमन यांनी २०१२ मध्ये ज्यूलिया ही स्वतंत्र भाषाच पुढे आणली.

इंटरप्रिटरमधील सुधारणा : वरील सर्व उपायांत श्रम पडतात ते आज्ञावली लिहिणाऱ्यावर. त्याने काहीच न बदलता इंटरप्रिटरनेच वेग वाढवावा, हा दुसरा प्रवाह होय. त्याचा उगम स्मॉलटॉक या भाषेच्या संशोधनात आहे. पीटर डॉइच व ॲलन शिफमन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, आज्ञेच्या एका विशिष्ट ठिकाणी येणाऱ्या वस्तूंचा प्रकार बहुधा बदलत नाही. म्हणून मागील उत्तर त्याच ठिकाणी टिपून ठेवले, तर पुढच्या वेळी केवळ ‘प्रकार तोच आहे ना’ एवढेच पाहणे पुरते. डेव्हिड अंगर, क्रेग चेंबर्स व उर्स होल्झ्ले यांनी सेल्फ या भाषेत ही कल्पना पुष्कळ पुढे नेली. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत रचली होती व ती मंद म्हणूनच प्रसिद्ध होती. परंतु सेल्फवर काम केलेले डॅनिश तंत्रज्ञ लार्स बाक यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या व्ही ८ या यंत्रणेने २००८ पासून तिचे रूप पालटले. मंदता हा भाषेचा अटळ धर्म नाही, हे त्यामुळे सर्वांना दिसून आले.

मग पायथनमध्ये तसे का घडले नाही? प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. आर्मिन रिगो यांची सायको ही प्रणाली २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आली. ती आज्ञावली चालू असतानाच यंत्रभाषा निर्माण करीत असे. गूगलमधील अभियंत्यांनी २००९ मध्ये अनलेडन स्वॉलो हा प्रकल्प पाचपट वेगाचे उद्दिष्ट ठेवून सुरू केला व थोड्याच वर्षांत तो सोडून दिला. रिगो व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आरंभिलेल्या पायपाय या प्रकल्पास मात्र खरे यश लाभले. निव्वळ पायथनमधील आज्ञावल्या त्यावर कित्येक पटींनी वेगाने चालतात. तरीही तिचा प्रसार मर्यादित राहिला आणि याचे कारण आधीच्या उपायातच होते. नमपाय व तत्सम शेकडो संच सी मध्ये लिहिलेले असून ते मूळ इंटरप्रिटरच्या अंतर्रचनेवर, वस्तूंच्या स्मृतीतील मांडणीवर व संदर्भांच्या मोजणीवर प्रत्यक्ष अवलंबून आहेत. पायपायमध्ये ही मांडणी व मोजणी नाही. जुन्या संचांसाठी तिला ती उसनी उभी करावी लागते आणि त्यात मिळालेला वेग खर्ची पडतो. ज्या साधनांनी पायथनला विज्ञानक्षेत्रात स्थान मिळवून दिले, त्यांनीच तिच्या इंटरप्रिटरला जखडून टाकले.

अनेक प्रक्रियकांच्या उपयोगाबाबतही हेच घडले. एका वेळी एकाच धाग्याने पायथन आज्ञा चालवाव्यात, असे बंधन घालणारे कुलूप इंटरप्रिटरमध्ये १९९२ पासून आहे. संगणकात एकच प्रक्रियक असे, तेव्हा त्याने कोणाचे अडत नव्हते. ग्रेग स्टाइन यांनी १९९६ मध्येच ते काढून पाहिले. परंतु त्यामुळे एका धाग्याची आज्ञावली फारच मंद होऊ लागली व प्रस्ताव मागे पडला. कुलूप आहेच असे गृहीत धरून पुढील पंचवीस वर्षे सी मधील संच लिहिले गेले. सॅम ग्रोस यांनी २०२१ मध्ये नवी रचना दाखविल्यानंतर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली. ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ या आवृत्तीत कुलूपरहित इंटरप्रिटर प्रायोगिक स्वरूपात देण्यात आला व २०२५ मधील ३.१४ पासून त्यास अधिकृत, पण ऐच्छिक स्थान मिळाले.

मूळ इंटरप्रिटरचा वेग वाढविण्याची संघटित योजना २०२१ मध्ये मार्क शॅनन यांच्या आराखड्यानुसार व मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने सुरू झाली. व्हान रोसम हेही त्या गटात होते. चार आवृत्त्यांत पाचपट वेग गाठावा, असे उद्दिष्ट होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेली ३.११ ही आवृत्ती आधीच्या आवृत्तीहून १० ते ६० टक्के व सरासरीने सुमारे २५ टक्के वेगवान ठरली. तिच्यातील मुख्य कल्पना स्मॉलटॉकच्या काळचीच होती : वारंवार चालणारी आज्ञा आपल्याला दिसलेल्या प्रकारांनुसार स्वतःचे विशेष रूप धारण करते व प्रकार बदलल्यास मूळ रूपावर परतते. सी मधील जुन्या संचांना धक्का न लावता एवढे साधणे हीच त्यातील कठीण गोष्ट होती. ३.१३ मध्ये यंत्रभाषा निर्माण करणारा प्रायोगिक विभागही जोडण्यात आला. पाचपटीचे उद्दिष्ट मात्र गाठले गेले नाही. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये आपला आधार काढून घेतला. त्यानंतर हे काम मुख्यतः स्वयंसेवी विकसकांकडे आले.